सहावी सूना

गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने असतात, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच. त्यांना ‘पंचसूना’ अशी संज्ञा आहे. सूना म्हणजे जीव मारण्याची जागा. शिजविताना, वाटताना, कांडताना, झाडताना व पाणी भरताना नकळत कितीतरी जीव मरतात. हा दोष टळण्याजोगा नाही, म्हणून गृहस्थाने नित्य पंचमहायज्ञ करावेत आणि त्यांतील भूतयज्ञाच्या रूपाने प्राणिमात्रांस आपल्या अन्नाचा अंश द्यावा, अशी योजना तेथे केलेली आहे. ती आज कोणी पाळो वा न पाळो, तिच्यामागील विचार मार्मिक आहे. संसार म्हटला की काही हत्या होणारच, हे त्या विचाराने मान्य केले. परंतु त्या हत्येचा हिशेब ठेवण्याचे ओझे मात्र गृहस्थाच्या माथ्यावरून उतरविले नाही.

ही पाचही साधने मारण्यासाठी घडविलेली नव्हेत. आजच्या घरात जी सहावी सूना आली आहे, ती मात्र केवळ मारण्यासाठीच आहे. निळसर दिव्याचा विजेचा सापळा, विजेच्या जाळीची रॅकेट, धुराची कॉइल, चिकट पट्टी ही तिची नाना रूपे होत. केरसुणी फिरविणारा हात एका घरापुरता असतो. यंत्र योजणारा मनुष्य लाखो घरांत कोणी मरावे व कसे मरावे, हे एका आराखड्याने ठरवून टाकतो. तेव्हा त्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे स्वरूप कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत फार स्पष्ट दिसते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश. उल्हास व पाताळगंगा या येथील नद्या आणि भात हे मुख्य पीक. 1915 साली येथल्याच खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईस वीज जाऊ लागली. आता मुंबईकरच सुटीच्या दिवसांत येथील बंगल्यांवर येतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की पंख फुटलेली वाळवी, पतंग व भुंगेरे यांचे थवे दिव्याकडे धाव घेतात आणि ओसरीवर टांगलेल्या सापळ्यात रात्रभर चटचट ऐकू येते. घरातील माणसांस वाटते, डास मरत आहेत.

वस्तुतः मरतात ते बहुधा दुसरेच. चावते ती डासाची मादी, आणि तिला मनुष्याचा ठाव लागतो तो मुख्यतः त्याच्या उच्छ्‌वासातील वायूवरून, अंगाच्या उष्णतेवरून व गंधावरून. निळ्या दिव्याचे तिला फारसे आकर्षण नाही. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या फ्रिक व टॅलमी या दोघा संशोधकांनी अशा सापळ्यांत मेलेल्या कीटकांची मोजदाद 1996 साली प्रसिद्ध केली. एकूण 13,789 कीटकांत चावणारे कीटक निघाले अवघे 31, म्हणजे हजारी सुमारे सव्वादोन. उलट इतर किडींना खाऊन टाकणारे वा त्यांच्यावर जगणारे जे उपकारक कीटक, ते शेकडा 13 हून अधिक होते. शत्रूला सोडून मित्राला मारणारे शस्त्र ज्याने घडविले, त्याचे कौशल्य वाया गेले असेच म्हणावे लागेल.

याच भागातील शेताच्या बांधावर दिव्याचा सापळा लावला, तर त्याचा न्याय वेगळा. भाताच्या खोडकिड्याचा पतंग खरोखरच दिव्याकडे येतो. म्हणून तेथे दिवा योग्य ठरतो. शिवाय असा दिवा रात्रभर न जाळता सायंकाळचे काही तासच लावण्याचा सल्ला दिला जातो, आणि लहान मित्रकीटकांस निसटून जाण्यास वाट ठेवलेले सापळेही आपल्या देशातील संशोधकांनी तयार केले आहेत. दिवा तोच, परंतु एका योजकाने कोण मरणार याचा विचार केला, दुसऱ्याने केला नाही. यंत्राच्या नीतीचा सारा भेद एवढ्यात आला.

यावरून डासांवर दया करावी, असा अर्थ कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 साली हिवतापाने जगात सुमारे 6 लाख माणसे मेली, आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. कर्जतच्या एखाद्या ठाकूरवाडीत वा खालापूरच्या कातकरी वाडीत तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईस अहिंसेचा उपदेश करणे ही क्रूरता होय. डासाशी लढावेच लागते. म्हणूनच त्या लढाईचे साधन खरे असले पाहिजे. खोटे साधन दुहेरी अपराध करते: निरपराध जीव मारते, आणि आपण सुरक्षित आहोत अशा भ्रमात घरच्यांस निजविते.

साधनाचा परिणाम शत्रूपाशीच थांबतो काय, हेही पाहावयास हवे. एक कॉइल जळून संपेपर्यंत तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांएवढे असतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दार लावून निजणाऱ्या कुटुंबाच्या छातीत हा धूर जातो. डी.डी.टी.ची कथाही बोधप्रद आहे. तिच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाबद्दल पॉल म्यूलर यांस 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात 1965 च्या सुमारास हिवतापाचे रुग्ण वर्षाला सुमारे एक लाखापर्यंत खाली आले, ते बव्हंशी तिच्या फवारणीमुळे. पुढे डास तिला दाद देईनासे झाले, मोहीमही ढिली पडली, आणि 1976 साली रुग्णांची संख्या 64 लाखांवर गेली. मातीत व प्राण्यांच्या शरीरात हे द्रव्य दीर्घकाळ टिकून राहते, म्हणून 1989 साली शेतीत तिचा वापर बंद करण्यात आला. ज्या द्रव्याने असंख्य प्राण वाचविले, त्याचीही ही गत झाली. मग ज्याचा उपयोगच संशयास्पद, त्या यंत्राची परीक्षा अधिक कडक नको काय?

आणखी एक गोष्ट मापात येत नाही, तरी तिचे महत्त्व कमी नाही. रॅकेटची ठिणगी व चटका मुलांस गंमत वाटते; डास संपले की ती फुलपाखराच्या मागे धावतात. कीटकास वेदना होते की नाही, याचा निर्णय शास्त्रज्ञांत अद्याप झालेला नाही. तो काहीही होवो. मारणे हा खेळ झाला की मारणाऱ्याच्या मनाची हानी होते, हे समजण्यास प्रयोगशाळेची जरुरी नाही.

मग योजकाने करावे काय? प्रथम त्याने मारण्याची गरजच कमी करावी. डेंग्यूचा डास घरातील साठविलेल्या पाण्यात वाढतो, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पिंपे घासून कोरडी केली तर ती पिढी जन्मासच येत नाही. घट्ट झाकणाची टाकी, खिडकीची बारीक जाळी आणि मच्छरदाणी यांत बुद्धी खर्च केली तर ती सत्कारणी लागेल. आफ्रिकेत 2000 ते 2015 या काळात हिवतापाचे जेवढे आजार टळले, त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक औषध लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे टळले, असे संशोधकांचे अनुमान आहे. सर्वांत साधे साधन सर्वांत परिणामकारक ठरले आहे.

आणि मारणारे यंत्र करावयाचेच असेल, तर त्याने काय काय मारले, हे मोजून खोक्यावर छापावे. कॉइलमधील द्रव्यास 1968 च्या कीटकनाशक अधिनियमाखाली नोंदणी लागते. विजेच्या सापळ्यात द्रव्यच नसल्यामुळे तो त्या नियमाबाहेर राहतो. कायदा विचारीत नसला तरी ग्राहकाने दुकानात उभे राहून विचारावे, ‘यात डास किती मरतात, आणि इतर किती?’ उत्तर मिळाले नाही, तर ते पैसे मच्छरदाणीवर खर्च करावेत. पंचसूनेचा हिशेब गृहस्थाकडे होता. सहावीचा हिशेब योजकाने ठेवावा आणि गृहस्थाने तो मागून घ्यावा.