शिवाराची फेरी



आपल्या गावाचे शिवार आपल्याला ठाऊक आहे, असे आपण सगळेच धरून चालतो. स्वतःच्या शेताची वाट डोळे मिटूनही सापडते, हे खरे. पण ओढ्याला पाणी कोणत्या माळावरून येते, गायरानाची हद्द कोठून कोठपर्यंत, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला काय उगवते, असे कोणी विचारले तर पुष्कळांना थांबून आठवावे लागेल. शाळेतल्या मुलांचे तर बोलायलाच नको. म्हणून आज एक साधी गोष्ट सुचवतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात शिवाराला एक फेरी घालावी. चार-पाच किलोमीटरांची, अडीच तासांत पुरी होणारी, आजोबांना आणि चौथीतल्या पोरांना सारखीच झेपणारी.

उदाहरणाला पुरंदर तालुका घेऊ. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामाला येते, तो हा मुलूख. एका अंगाला पुरंदर आणि वज्रगड, मधून कऱ्हा नदी, आणि आजूबाजूला टेकड्याच टेकड्या. खाली ज्वारी-वाटाण्याची रानं, मधल्या उतारावर अंजीर आणि सीताफळाच्या बागा, वर गवताचा माळ. अशा कोणत्याही पायथ्याच्या गावातून ही फेरी निघू शकते. तुमच्या गावी एखादी टेकडी असली म्हणजे झाले.

भाद्रपद सरला की मार्गशीर्षापर्यंतचे दिवस यासाठी उत्तम. सूर्य उगवता उगवता निघावे. फडक्यात भाकरी, प्यायला पाणी, एक रिकामा तांब्या आणि एक वही, एवढे सामान पुरे. पायात वहाणा मात्र घट्ट असाव्यात.

सुरुवात ओढ्याच्या कडेने करा. खाली काळी, चिकट माती लागेल. गुरुजी, येथे मुलांना मूठभर माती उचलू द्या. वर चढत जाल तशी माती तांबूस होते, पातळ होते, आणि शेवटी नुसता मुरूम उरतो. असे का, ते लगेच सांगू नका, मुलांनाच विचारा. पावसाचे पाणी बारीक माती वाहून खाली नेते आणि जड खडे मागे ठेवते, हे उत्तर कोणी ना कोणी देईलच. मग एखादा बांध दाखवा. बांधावरून गावात भांडणे फार होतात. पण बांधाच्या वरच्या बाजूला हात घालून पाहा, तेथे वाहून जाणारी माती अडून साचलेली दिसेल. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसांनी खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खणले. आपल्या शिवारात त्या वेळचे काम कोणते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आदल्या दिवशी विचारून यायला सांगा.

आता टेकडीकडे मान वर करून पाहा. आपल्याकडचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त लाव्हा पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर बसत गेले. टणक थर कड्यासारखा उभा राहिला, ठिसूळ थर झिजून उतरण झाला. वर मुरलेले पाणी खाली झिरपता झिरपता टणक थराशी अडते आणि आडवे वाहून कोठे तरी बाहेर पडते. म्हणून डोंगराच्या कुशीत मधेच एखादी हिरवी रेघ दिसते, झरा दिसतो. विहिरीचे पाणी विहिरीत जन्मत नाही, बरे का. ते माळावर जन्मते.

आणि माळ म्हणजे काय? बहुतेक गावांत माळ म्हणजेच गायरान. फेरीतला हा मुख्य मुक्काम. येथे बसून भाकरी खा, आणि मग गवताकडे पाहा. मारवेल, पवन्या ही गवते गुरे आवडीने खातात. चराई बेताची असेल तर ती टिकतात. चराई अति झाली की ती मागे पडतात आणि कुसळीचा जोर होतो. धोतराला, पायजम्याला चिकटणारे कुसळ सर्वांच्या ओळखीचे आहे. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडा. ते आपोआप गोल फिरू लागेल. असेच फिरत फिरत ते आपले बी जमिनीत रोवते. मुलांना ही गंमत फार आवडते.

मग तांब्या काढा. एक तांब्या पाणी दाट गवतावर ओता आणि एक तांब्या पायवाटेच्या उघड्या जमिनीवर. कोणते पाणी मुरले आणि कोणते वाहून गेले, ते पाहा. एक हेक्टर माळावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक लाख लिटर होते. ते विहिरीला मिळायचे की ओढ्यातून माती घेऊन निघून जायचे, हे पुष्कळसे गवतच ठरवते. तेथे एखादा मेंढपाळ भेटला तर नमस्कार करून विचारा, "आबा, या माळावर पूर्वी कोणतं गवत व्हायचं?" असे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसते.

आल्या वाटेने मात्र परतू नका. टेकडीला वळसा घालून दुसऱ्या अंगाने उतरा. दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त पडते, गवत लवकर पिवळे होते. उत्तरेच्या अंगाला ओल टिकते, झुडपे दाट असतात. एकच टेकडी, एकच पाऊस, पण दोन बाजूंना दोन तऱ्हा. फेरी घातल्याशिवाय हे कळायचे नाही.

आता थोडे कठीण बोलतो. गायराने आक्रसत चालली आहेत. कोठे दर साली एक तास आत नांगरले जाते, कोठे हद्दीचा दगडच नाहीसा होतो. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या दोन शेळ्या ह्याच माळावर जगतात. माळ गेला की पहिला फटका त्या घराला बसतो, आणि दुसरा गावच्या विहिरीला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखा, असे सर्व राज्यांना बजावले. पण न्यायालय काही आपल्या माळावर येऊन उभे राहणार नाही. ज्या जमिनीवर गावाचे पाऊल पडत नाही, ती कधी गेली हेही गावाला कळत नाही.

तेव्हा फेरीहून आल्यावर मुलांकडून शिवाराचा नकाशा काढून घ्या. ओढा, झरा, बांध, मारवेलीची जागा, उघडा पडलेला उतार, हद्दीचे दगड, सगळे त्यात येऊ द्या. पोरांना कोणाच्या भांडणात घालू नका. अतिक्रमण करणाराही कधी कधी गरजूच असतो; त्याचा विचार थोरांनी बसून करावा. मुलांनी फक्त जे दिसले ते मांडावे. तो नकाशा गावच्या महसुली नकाशाशेजारी ठेवून येत्या ग्रामसभेत सर्वांना दाखवा, आणि पुढल्या साली त्याच महिन्यात, त्याच वाटेने पुन्हा फेरी काढा. दोन नकाशे शेजारी ठेवले म्हणजे आपले गाव कोणीकडे चालले आहे, हे कोणी वेगळे सांगायला नको.