चेंडू उसळला, पण तपासला कोणी?

माध्यमिक शाळेतल्या मुलाला कार्टूनची, संगणकावरच्या हलत्या चित्रांची गोडी लागली की घरात एक प्रश्न हमखास निघतो: हे घरबसल्या शिकता येईल का, की त्यासाठी मोठ्या शहरातली संस्थाच गाठावी लागेल? अमेरिकेत हा प्रश्न आपल्याआधी आला. फ्लोरिडा राज्यात १९९७ साली एक आभासी शाळा सुरू झाली. विद्यार्थ्याने नेहमीच्या शाळेत जावं आणि तिथे न मिळणारा एखादा विषय संगणकावरून घ्यावा, अशी सोय तिने केली. पुढे इतर राज्यांतही तशा शाळा निघाल्या आणि डिजिटल ॲनिमेशनसारखे विषय या दूरस्थ अभ्यासक्रमांत दाखल झाले. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे की ॲनिमेशन दुरून शिकता येतं, किंबहुना इतर पुष्कळ विषयांपेक्षा बरं शिकता येतं. मात्र त्याला एक अट आहे. विद्यार्थ्याने केलेलं काम जाणत्या माणसाने चौकट न् चौकट पाहून, चुका दाखवून परत पाठवलं पाहिजे. ही अट पाळली नाही, तर अभ्यासक्रम कितीही देखणा असला तरी तो नुसता व्हिडिओंचा गठ्ठा ठरतो.

अटीचं कारण पहिल्याच धड्यात सापडतं. जगात कुठेही ॲनिमेशन शिकायला लागा, सुरुवात बहुधा उसळत्या चेंडूने होते. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे २४ स्थिर चित्रं. साधारण सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकतो, म्हणजे आपल्या हातात १२ चौकटी आल्या. नवशिका काय करतो? पहिल्या चौकटीत चेंडू वर ठेवतो, शेवटच्या चौकटीत खाली ठेवतो आणि मधलं काम सॉफ्टवेअरवर सोपवतो. ब्लेंडर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची मूळ रचना अशी की हालचाल हळूच सुरू होते आणि हळूच थांबते. त्यामुळे जमिनीजवळ येता येता चेंडूचा वेग मंदावतो. लिफ्ट मजल्यावर येऊन थांबावी तसा तो टेकतो. खरा चेंडू तसा पडत नाही. आपल्या दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाचा धडा आहे. त्यातलं सूत्र लावलं तर पहिल्या चौकटीत चेंडू एक सेंटिमीटरही खाली येत नाही, आणि शेवटच्या एकाच चौकटीत जवळपास २० सेंटिमीटर तुटून पडतो. पहिल्या सहा चौकटींत उंचीचा फक्त चौथा हिस्सा संपतो, उरलेले तीन हिस्से पुढच्या सहांत. मुलाला आपल्या चित्रात काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं, पण नेमकं काय ते कळत नाही. आठव्या चौकटीवर बोट ठेवून 'इथे तुझा चेंडू घाबरला' असं सांगणारं कोणीतरी लागतं.

आता हे बोट ठेवणारा माणूस त्याच खोलीत बसलेला हवा का? मला वाटतं, नको. पोहायला शिकवणारा काठावरच हवा, तबल्याच्या गुरूला शिष्याचा हात प्रत्यक्ष दिसावा लागतो. ॲनिमेशनमध्ये शिक्षकाला तपासायची असते ती तयार झालेली हालचाल, आणि ती तर फाइलमध्ये पूर्णपणे असते. ती थांबवता येते, मागे नेता येते, आठवी चौकट दहा वेळा पाहता येते. वॉल्ट डिस्ने यांच्या सुरुवातीच्या स्टुडिओत पेन्सिलीने काढलेली कच्ची हालचाल एका कोंदट छोट्या खोलीत पडद्यावर लावून तपासली जाई. उकाड्यामुळे आणि बोलणी खाण्याच्या भीतीने तिथे घाम फुटे, म्हणून तिचं नावच पडलं 'स्वेटबॉक्स'. त्या खोलीची ताकद तिच्या भिंतींत नव्हती, प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा पाहून दुरुस्तीला परत पाठवण्याच्या शिस्तीत होती. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये हीच विद्या शिकवायला डिस्नेकडचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स आले, आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे आपले कलावंत तयार झाले. तेव्हा विद्या द्यायची तर माणसाला समुद्र ओलांडून यावं लागे. आता तुकडा इकडून जातो आणि शेरा तिकडून येतो.

चित्रकला टपालाने शिकवण्याची परंपरा तर संगणकाच्याही आधीची. 'पीनट्स' या चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ हे मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातल्या एका न्हाव्याचे चिरंजीव. शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना त्यांनी शेजारच्याच मिनियापोलिसमधल्या एका संस्थेचा टपाली चित्रकला अभ्यासक्रम घेतला. फी होती १७० डॉलर, आणि वडिलांनी ती हप्त्याहप्त्याने भरली. चित्रं टपालाने जायची, शेरे टपालाने यायचे. गंमत अशी की लहान मुलांची चित्रं काढण्याच्या भागात त्यांना 'सी प्लस', म्हणजे जेमतेम श्रेणी मिळाली. आणि पुढे १९५० पासून सुमारे ५० वर्षं याच माणसाने लहान मुलांची चित्रं काढून जग हसवलं. गुण देणाऱ्याची फजिती म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. त्या संस्थेत कोणीतरी चित्र खरोखर पाहत होतं आणि वाईट वाटलं तर वाईट म्हणत होतं. महायुद्धानंतर शुल्झ त्याच संस्थेत नोकरीला लागले आणि इतरांची टपालाने आलेली चित्रं तपासू लागले.

इथे पालकांचा पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. '२०२० मध्ये ऑनलाइन शाळा आम्ही घरातच पाहिली. कॅमेरा बंद, हजेरी लागलेली आणि पोरगं भलतीकडेच.' आकडेही या आक्षेपाच्या बाजूने आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली अमेरिकेतल्या पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांची, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळांची, पाहणी केली. त्यांतले विद्यार्थी गणितात साध्या शाळेतल्या बरोबरीच्या मुलांपेक्षा शिक्षणाच्या १८० दिवसांइतके मागे पडत होते. तिथलं शाळेचं वर्षही साधारण तेवढ्याच दिवसांचं असतं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतही नोंदणी करणाऱ्या शंभरातले जेमतेम तीन जण शेवटापर्यंत पोचल्याचं दिसलं. हे आकडे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच २०१५ साली त्याच ऑनलाइन शाळांबद्दल आणखी एक गोष्ट पुढे आली. साध्या शाळेतल्या मुलाला एका दिवसात जेवढा वेळ शिक्षकांचा प्रत्यक्ष तास मिळतो, तेवढाही तिथल्या मुलांना अख्ख्या आठवड्यात मिळत नव्हता. म्हणजे तिथे अंतराच्या जोडीला शिक्षकही गायब होता. शुल्झ यांच्या वेळी अंतर होतं, पण तपासणारा हजर होता. दोष ठरवताना या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलटा. तो म्हणतो, शिक्षक हवाच कशाला? सगळं फुकट उपलब्ध आहे! खान अकॅडमीने पिक्सार स्टुडिओबरोबर २०१५ पासून एक मोफत अभ्यासक्रम खुला केला आहे. 'ब्रेव्ह' या चित्रपटातल्या गवताच्या पात्याचा बाक पॅराबोला या वक्ररेषेने कसा साधला, हे त्यात फार सुरेख समजावलं आहे. तो मुलांनी जरूर पाहावा. त्यातल्या सराव प्रश्नाचं उत्तर बरोबर की चूक हे यंत्र चटकन सांगतं. पण मुलाने केलेला चेंडू रबराचा वाटतो की लोखंडाचा, हे त्याला कोण सांगणार? व्हिडिओ आपल्याला दिसतो, व्हिडिओला आपण दिसत नाही. पाककृतीचं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी आमटीत मीठ कमी आहे हे चाखणाराच सांगतो, तसंच हे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. महागडा संगणक नसेल तर काय? ब्लेंडर २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याला पैसे पडत नाहीत. लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाचा 'फ्लो' हा चित्रपट त्याच्यावरच तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. शिवाय सुरुवातीला संगणक लागतोच असं नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला तो काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीला थोड्या थोड्या सरकवून. आज तोच प्रयोग घरातल्या मोबाइलवर होतो. एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. समोर बसलेल्या माणसाकडे बघून रेखाटण्याची सवय पडद्यावरून नीट लागत नाही. त्यासाठी गावातले चित्रकलेचे शिक्षक, आणि आपल्याकडच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा आहेत. त्या कामी लावाव्यात. दूरच्या अभ्यासक्रमाला जवळच्या कागद-पेन्सिलीची जोड असावी.

एकलकोंडेपणाचा धोकाही सांगितला जातो: ॲनिमेशन हे टोळीचं काम, ते घरात एकट्याने कसं शिकायचं? पण 'फ्लो' करणारी मंडळी लॅटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियम अशा तीन देशांत विखुरलेली होती, आणि पिक्सारच्या 'सोल' या चित्रपटाचं शेवटचं काम २०२० मध्ये लोकांनी आपापल्या घरून पुरं केलं. दुरून शेरा घेणं, तो मनाला लावून न घेणं आणि काम सुधारून परत पाठवणं हा आता या धंद्याचा रोजचा भाग आहे. चांगला दूरस्थ अभ्यासक्रम मुलाला त्याचीच सवय लावतो.

म्हणून श्रोतेहो, मुलाचं नाव घालण्याआधी माहितीपत्रकातली रंगीत चित्रं बाजूला ठेवा आणि तीनच प्रश्न विचारा. काम कोण तपासणार, किती दिवसांत परत येणार, आणि सुधारून पुन्हा पाठवता येणार का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर अंतराची काळजी करू नका. ती मिळाली नाहीत, तर संस्था घराच्या शेजारी असली तरी पैसे भरू नका.