बिरवाडीच्या खाटेजवळ

इस्पितळातला तातडीचा विभाग आणि संशोधन हे शब्द एकत्र आले की आपल्याला मोठे शहर आठवते. आज ज्या संशोधकाविषयी मी बोलणार आहे, त्याचे काम सुरू झाले ते रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तिथे गेले. मूळचे मराठवाड्यातल्या भोकरदन तालुक्यातले, वैद्यकीय शिक्षण नागपूरला. कोकणातल्या लाल विंचवाशी त्यांची गाठ पडली ती नोकरीमुळे.

विंचू आपल्या भाषेत चांगलाच मुरलेला आहे. एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले. म्हणीत तो बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो. आमच्या गल्लीत विंचू उतरवणारे एक चाचा होते आणि पलीकडच्या आळीत मंत्र घालणारे एक गुरव. गुण दोघांनाही येई. कारण सरळ आहे. बहुतेक दंशांत ठणका तेवढा असतो आणि तो काही तासांनी आपोआप ओसरतो. पण लाल विंचवाचे विष काहींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगभर भिनते. तिथे चाचा हरत, गुरवही हरत. खरे तर त्या काळी डॉक्टरही हरत. इस्पितळात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्के दगावत.

बावस्करांनी केले काय, तर ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातपाय किती गार, हे पुन्हा पुन्हा पाहायचे आणि लिहून ठेवायचे. या नोंदींतून तयार झालेला लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही पुढे हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ वर्दी असते, हे त्यात होते. त्यांचे आणखी एक निरीक्षण माझ्या मनातून जात नाही. विष अंगभर भिनलेल्या रुग्णाला डंखाच्या जागी अनेकदा फारसे दुखत नाही. तो सावरू लागला की तिथला ठणका परत येतो. मूल कळवळून रडू लागले की डॉक्टरने सुटकेचा श्वास टाकायचा! हे पुस्तक चाळून कळणारे नाही, त्यासाठी रात्री जागाव्या लागतात.

मी बी.ए. झालेला कवी माणूस, तेव्हा विषाचे काम मला समजले तसे सांगतो. या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात. त्या अरुंद वाटांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो म्हणा ना. पुण्याला एम.डी. करून पुन्हा महाडकडेच परतलेल्या बावस्करांनी यावर वापरली ती प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते, स्वस्त असते, तोंडाने देता येते. मात्र गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे, एकदम उठवून बसवायचे नाही, कारण रक्तदाब झपकन उतरू शकतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला त्यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. पुढे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास खाली आले.

इथे ते थांबले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. पण ज्या गोळीवर नाव झाले, तीच या जोडप्याने पुन्हा तराजूत घातली. महाडला सत्तर रुग्णांचे दोन गट केले. निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाचे प्रतिविष. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने निष्कर्ष छापले. नुसत्या गोळीवर बरे व्हायला सरासरी जवळपास अठरा तास लागले, प्रतिविष जोडले तेव्हा आठ. आपली गोळी एकटी पुरी पडत असली तरी जोडीला प्रतिविष असेल तर रुग्ण लवकर उठतो, हे त्यांनी स्वतःच्याच नावाने जगाला सांगितले. आम्हा लेखकांना आपली एक ओळ खोडताना किती जड जाते! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र ही चाचणी मोठी वाटते.

आता प्रश्न उरतो वाटेतल्या वेळेचा. डंख होतो तो पेंढा हलवताना, सरपण काढताना, अंधारात पाय टाकताना. आणि वाडीवरून रस्त्यापर्यंत येण्यात, त्याआधी उतरवणाऱ्याच्या दारात बसण्यात तास जातात. मूल लहान असेल तर घाम नि उलटीची वाट न पाहता त्याला आरोग्य केंद्रावर न्यावे. मंत्र म्हणायचाच असेल तर तो जीपमध्ये बसूनही म्हणता येतो.