शहरांतील बिऱ्हाड-हॉटेल व मुक्कामाची आखणी

परगांवीं निघालेल्या माणसानें मुक्कामाची फारशी चिंता करूं नये, असा एक काळ होता. गांवोगांवीं धर्मशाळा होत्या, मठ होते, देवळांच्या ओवऱ्या होत्या. आणि यांपैकीं कांहींच नसलें तरी नातेवाइकांचें दार उघडें असे. मुंबईच्या चाळींत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत गांवाकडचा पाहुणा पंधरा पंधरा दिवस राही, आणि त्याचें कोणासही विशेष वाटत नसे. आतां काळ पालटला आहे. घरांत माणसें थोडीं, तींही दिवसभर कामावर. पाहुण्यासाठीं घरीं थांबणारें कोणी नाहीं. त्यांतून पाहुणा आजारी असला, तर यजमान आणि पाहुणा या दोघांचीही ओढाताण होते. म्हणून दीर्घ मुक्कामासाठीं शहरांत येणाऱ्या कुटुंबास आपली स्वतंत्र सोय पाहावी लागते. त्या सोयीचा एक प्रकार म्हणजे बिऱ्हाड-हॉटेल होय. मुंबई-पुण्याकडे त्यास सामान्यतः ‘सर्व्हिस अपार्टमेंट’ म्हणतात. त्या नांवाखालीं काय मिळतें, तें केव्हां परवडतें आणि त्याची आखणी कशी करावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

साध्या हॉटेलांत मनुष्य खोली भाड्यानें घेतो. बिऱ्हाड-हॉटेलांत तो लहानसें घरच भाड्यानें घेतो, परंतु वीज, पाणी, झाडलोट व दुरुस्ती यांची काळजी चालकावर सोंपवून. एक किंवा दोन खोल्या, स्नानगृह, शेगडी, फ्रिज, थोडीं भांडीं, आणि कपडे धुण्याचें यंत्र, असा त्याचा सर्वसाधारण थाट असतो. यंत्र कधीं खोलींत असतें, कधीं साऱ्या इमारतीस मिळून एक असतें.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशीं अपार्टमेंट हॉटेलें उभीं राहूं लागलीं. मात्र त्यांचें वैशिष्ट्य आजच्या अगदीं उलट होतें. कुटुंबास दिलेल्या खोल्यांत बहुधा स्वयंपाकघर नसे. सर्वांनीं सामाईक भोजनगृहांत जेवावें, अशी योजना असे. याचें एक कारण कायद्यांत होतें. तीन किंवा अधिक कुटुंबें जेथें स्वतंत्रपणें राहून स्वयंपाक करतात, अशा भाडोत्री इमारतींवर तेथील १९०१ च्या कायद्यानें उजेड, हवा व उंची यांसंबंधीं कडक बंधनें घातलीं होतीं. स्वयंपाकघर नसलें, कीं इमारत हॉटेल ठरे आणि त्या बंधनांतून सुटे. पुढें १९२९ च्या कायद्यानें हा भेद बव्हंशीं मोडला. या इतिहासाचा व्यवहारांतील अर्थ इतकाच, कीं नांव ‘अपार्टमेंट’ असलें म्हणजे आंत चूल असेलच, असें धरून चालूं नये. आजही कित्येक ठिकाणीं चहाची किटली आणि अन्न गरम करण्याचा मायक्रोवेव्ह एवढ्यालाच स्वयंपाकघर म्हटलें जातें.

चुलीचा हा प्रश्न सहलीस आलेल्या माणसाला किरकोळ वाटेल. परंतु परळ भागांत रोज उतरणाऱ्या शेंकडों कुटुंबांना तो किरकोळ नाहीं. या एकाच भागांत १९२६ सालीं सुरू झालेलें के. ई. एम. रुग्णालय आहे, १९२९ पासूनचें वाडिया मुलांचें रुग्णालय आहे, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालयही आहे. कर्करोगाचे किरणोपचार पुष्कळदां आठवड्यांतून पांच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. रोजचा उपचार कांहीं मिनिटांचा; पण त्यासाठीं रुग्णाला शहरांत राहणें भाग पडतें. औषधांचे उपचार चालूं असतां रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि संसर्गाचें भय वाढतें. म्हणून अन्न ताजें व पूर्ण शिजलेलें असावें, पाणी शुद्ध असावें, असें डॉक्टर सांगतात. तोंड आलेल्या रुग्णास तिखट चालत नाहीं. एका वेळीं पोटभर जेवण जात नाहीं. दर दोन-तीन तासांनीं मऊ भात, मुगाचें वरण, नाचणीची पेज असें थोडें थोडें द्यावें लागतें. हें खानावळींत मिळत नाहीं. तेथें बिऱ्हाडांतील शेगडी ही चैन राहत नाहीं. ती पथ्याची गरज होऊन बसते.

समजा, सोलापुराकडील एक कुटुंब आहे. वडील रुग्ण, सोबत आई आणि मुलगा. या कुटुंबानें आखणीस कोठून आरंभ करावा? आरंभ जागेपासून नव्हे, तारखांपासून करावा. उपचार किती दिवसांचा, मध्यें खंड पडतो काय, आणि खंड पडल्यास गांवीं परत जाण्याची परवानगी आहे काय, हें डॉक्टरांना आधीं विचारावें. रक्ताची तपासणी मनासारखी न आल्यास औषधाची फेरी आठवडाभर पुढें ढकलली जाते, ही नेहमींची गोष्ट आहे. म्हणून सबंध महिन्याचे पैसे एकदम भरून जागा धरणें शहाणपणाचें नव्हे. पहिले आठ-दहा दिवस निश्चित करावेत, पुढें मुक्काम त्याच दरानें वाढवितां येईल असें लेखी घ्यावें, आणि तारीख बदलल्यास किती रक्कम परत मिळेल हेंही विचारावें. ‘पैसे परत मिळणार नाहींत’ या अटीचा दर दिसण्यांत स्वस्त असतो. आजारपणांत तोच सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो.

येण्याच्या वेळेचाही मेळ घालावा लागतो. सोलापुराहून रात्रीं निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळीं दादरला पोंचते. परंतु बहुतेक हॉटेलांत खोलीचा ताबा दुपारीं बारा किंवा दोन वाजतां मिळतो. रात्रभर प्रवास करून आलेल्या रुग्णानें तोंवर कोठें पडावें? यासाठीं आदल्या रात्रीचें भाडें भरून सकाळींच खोली मिळवावी, किंवा लवकर ताबा देण्याचें चालकाकडून कबूल करून घ्यावें. निघण्याच्या दिवशीं सकाळींच खोली सोडावी लागते आणि परतीची गाडी रात्रींची असते. त्या दिवसाचाही विचार आधींच करावा.

जागा ठरवितांना नकाशावरील अंतरावर विसंबूं नये. परळचा पूर्व व पश्चिम भाग जोडणारा एल्फिन्स्टन पूल नवा बांधण्यासाठीं २०२५ च्या सप्टेंबरांत वाहतुकीस बंद करण्यांत आला. त्यामुळें प्रभादेवीच्या बाजूस घेतलेली खोली नकाशांत हाकेच्या अंतरावर दिसली, तरी टॅक्सीस वळसा घ्यावा लागला. ज्या वेळीं रुग्णालयांत जावयाचें त्याच वेळीं वाहनास किती मिनिटें लागतात, हें विचारणें हाच खरा मार्ग. पावसाळ्यांत तर आणखी एक प्रश्न विचारावा. हिंदमाता व त्याच्या आसपासचा सखल भाग पाणी तुंबण्याबद्दल मुंबईंत फार पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. तेव्हां इमारतीच्या दारांतील रस्ता पावसांत मोकळा राहतो काय, याची चौकशी करावी.

इमारतीसंबंधीं चार गोष्टी पाहाव्या. लिफ्ट आहे काय, आणि तिच्यांत चाकांची खुर्ची मावते काय? लिफ्टपर्यंत पोंचण्यास पायऱ्या चढाव्या लागतात काय? संडास खुर्चीचा आहे काय, व स्नानगृहांत धरावयास दांडा आहे काय? पाणी चोवीस तास येतें, कीं ठराविक वेळींच? वाकतां न येणाऱ्या रुग्णास उंबरठ्याची एक पायरीदेखील जड जाते. ही माहिती जाहिरातींतील चित्रांवरून कळत नाहीं. दूरध्वनीवर स्पष्ट विचारावी, आणि शक्य असल्यास मुंबईंतील एखाद्या परिचिताकडून जागा पाहवून घ्यावी. नातेवाइकानें घर देण्यापेक्षां अशी अर्ध्या तासाची मदत देणें त्यासही सोपें जातें.

स्वयंपाकघराची चौकशी गृहिणीच्या दृष्टीनें करावी. शेगडी गॅसची कीं विजेची? इंडक्शनची असल्यास घरून आणलेलीं ॲल्युमिनियमचीं किंवा पितळेचीं भांडीं तिच्यावर सामान्यतः तापत नाहींत; तळाशीं लोहचुंबक चिकटेल असेंच भांडें लागतें. कुकर आहे काय? पोळपाट-लाटणें, तवा, परात, चाकू व पाणी गाळण्याचें यंत्र आहे काय? कांहीं ठिकाणीं मासे-मटण शिजविण्यास मनाई असते. तेंही आधीं विचारलेलें बरें. गांवाहून मिसळणाचा डबा, थोडें पीठ, मेतकूट व रुग्णाची नेहमींची वाटी-ताटली आणल्यास पहिल्या दिवसाची धांवपळ वांचते. दूध, भाजी व औषधें किती अंतरावर मिळतात, हें दारवानास विचारून ठेवावें.

आतां हिशेबाकडे वळूं. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. ज्यानें त्यानें आपले आंकडे घालून पाहावेत. समजा, साध्या हॉटेलाची खोली तिसऱ्या खाटेसह दिवसाला ३,७०० रुपये आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तु व सेवा कर ठरला आहे; तो धरून खोलीचे ३,८८५ रुपये होतात. तिघांच्या बाहेरच्या जेवणाचे १,२०० आणि धुलाईचे १५० मिळविले, कीं रोजचा खर्च ५,२३५ रुपये होतो. उलट बिऱ्हाड-हॉटेलाचें भाडें ४,६०० रुपये, करासह ४,८३०, घरच्या स्वयंपाकाचा शिधा ४५० रुपयांचा, एकूण ५,२८०. शिवाय सुरुवातीस किराणा व लहानसहान सामान यांसाठीं एकदांच १,५०० रुपये.

तीन दिवसांच्या मुक्कामास साध्या हॉटेलाचे १५,७०५ रुपये होतात, तर बिऱ्हाडाचे १७,३४०. वीस दिवसांस हॉटेलाचे १,०४,७०० आणि बिऱ्हाडाचे १,०७,१००. म्हणजे ठरलेल्या दरानें बिऱ्हाड स्वस्त पडतच नाहीं. परंतु दीर्घ मुक्कामासाठीं चालकानें भाड्यांत दहा टक्के सूट दिली, तर भाडें करासह ४,३४७ रुपयांवर येतें, आणि वीस दिवसांचा सारा खर्च ९७,४४० होतो. हॉटेलापेक्षां ७,२६० रुपयांनीं कमी. यावरून दोन गोष्टी दिसतात. मुक्काम तीन-चार दिवसांचा असेल, तर बिऱ्हाडाच्या भरीस पडूं नये; आणि मुक्काम लांबणार असेल, तर सूट मागितल्यावांचून राहूं नये. सूट मागण्यांत कमीपणा नाहीं. खोली रिकामी राहण्यापेक्षां वीस दिवस भरलेली राहणें चालकाच्याही हिताचें असतें.

हिशेबास कागदाची जोड हवी. प्रत्येकाचें ओळखपत्र बरोबर असावें. त्यावांचून खोली मिळत नाहीं. अनामत रक्कम किती, ती केव्हां परत मिळेल, विजेचें बिल भाड्यांत धरलें आहे कीं निराळें, हें लिहून घ्यावें. करासह पक्की पावती मागावी. नोकरीच्या ठिकाणीं किंवा एखाद्या साहाय्य-निधीकडे खर्च दाखविण्यास ती उपयोगी पडते. खोटी जाहिरात देऊन आगाऊ रक्कम लाटण्याचे प्रकार घडतात. म्हणून कोणा अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर सर्व रक्कम आधीं पाठवूं नये. मुक्काम कित्येक महिन्यांचा असून खाजगी सदनिकाच घ्यावयाची झाल्यास बाब निराळी होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याप्रमाणें तसा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार लेखी करून नोंदवावा लागतो.

इतकें करूनही ज्या कुटुंबास हा खर्च झेपत नाहीं, त्यानें कर्ज काढून बिऱ्हाड थाटण्याची घाई करूं नये. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. गांवाहून निघण्यापूर्वीं त्याच्याशीं बोलावें. १९५६ सालीं दिवंगत झालेल्या गाडगेमहाराजांनीं पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणीं गोरगरिबांसाठीं धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नांवाची धर्मशाळा दादर येथेंही असून, परळच्या रुग्णालयांत येणाऱ्या कर्करोगग्रस्तांना व त्यांच्या नातलगांना तिचा आधार मिळत आला आहे. परळ येथील नाना पालकर स्मृति समितीही रुग्णांच्या निवासाचें काम करते. अशा ठिकाणीं जागा मर्यादित असते व रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात. म्हणून अर्ज आधीं करावा, आणि जागा मिळेपर्यंतचे चार-सहा दिवसच भाड्याच्या खोलींत काढावेत. धर्मशाळेंत राहण्यांत कोणताही उणेपणा नाहीं. वांचलेला पैसा शेवटीं औषधासच लागणार असतो.

सारांश, आधीं उपचाराच्या तारखा, मग रस्ता व जिना, मग चूल, मग हिशेब आणि शेवटीं कागद, या क्रमानें चौकशी केल्यास चुकण्याचा संभव फार कमी होतो. ही सर्व चौकशी गांवीं बसून, दोन दिवस काढून, वहींत टिपून करतां येते. रुग्णाला घेऊन स्टेशनावर उतरल्यावर ती करूं म्हटलें, तर उन्हांत सामानापाशीं बसून राहण्याची पाळी त्या रुग्णावरच येते. कुटुंबांतील ज्या कोणाचें अक्षर बरें असेल, त्यानें ती वही आजच घालावी.