काळीज कुणाच्या जातीचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या बोलण्यात काळीज पदोपदी येतं. निर्दयी माणूस उलट्या काळजाचा. शूराचं काळीज वाघाचं. लेकरू म्हणजे काळजाचा तुकडा. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, दुकानदार यकृत देतो! म्हणजे माया, धैर्य, क्रूरपणा यांचं घर नेमकं कुठल्या अवयवात, हे आपल्या भाषेलाही ठरवता आलेलं नाही.

प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेह टिकवताना मेंदू काढून टाकत, हृदय मात्र आत ठेवत. मेल्यावर ते सत्याच्या पिसाबरोबर तराजूत तोललं जातं, अशी त्यांची श्रद्धा होती. आपल्या परंपरेतही असाच विचार आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. हृदयात थोडं रक्त असतं आणि स्वभावाप्रमाणे त्याचा रंग बदलतो, असं त्यात वर्णन आहे. लोभी माणसाचं लाल, द्वेषी माणसाचं काळं, प्रज्ञावंताचं धुतलेल्या रत्नासारखं स्वच्छ.

आजचा डॉक्टर हे मानणार नाही. रक्त शरीरात गोल फिरतं आणि हृदय ते ढकलतं, हे विल्यम हार्वेने १६२८ साली मांडलं. मुठीएवढा, सुमारे ३०० ग्रॅमचा हा पंप दिवसाला जवळजवळ एक लाख ठोके देतो. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलंच आहे. तेव्हा रंगाचं वर्णन सोडून द्यायला संकोच नको.

पण एक गोष्ट धरून ठेवा. बुद्धघोषांनी माणसांचे सहा स्वभाव सांगितले आहेत : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क यांवरून. त्यांना शब्द आहे ‘चरित’. या सहांत कुठेही जात नाही. चरित काय नि चारित्र्य काय, दोन्ही ‘चर्’ धातूचे. चर् म्हणजे चालणं, वागणं. चारित्र्य वागण्यातून घडतं, जन्मातून नाही.

तरीही आपल्याकडे कुणी चुकला की म्हणतात, “रक्तातच आहे त्यांच्या.” आपल्या पोरांनी हे शाळेत, नोकरीत ऐकलंय. त्यांना उत्तर म्हणून एक हकिगत सांगतो.

२ जानेवारी १९६८. दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन. डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं. ते होतं क्लाइव्ह हॉप्ट या २४ वर्षांच्या तरुणाचं. मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला होता. सरकारी कागदावर तो ‘कलर्ड’, म्हणजे मिश्र वंशाचा. त्या काळच्या वर्णभेदी कायद्याने त्याला गोऱ्यांच्या वस्तीत राहता येत नव्हतं, गोऱ्या मुलीशी लग्न करता येत नव्हतं. पण त्याचं काळीज गोऱ्या माणसाच्या छातीत एकोणीस महिने धडधडलं! शरीर रक्तगट बघतं, वर्ण बघत नाही. कायदा छातीच्या बाहेरच राहिला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या गिरणगावात, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पुढे ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांना यश आलं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही त्याच वर्षीचा. माणसाचा मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी ठरवलं, तर नातेवाइकांच्या संमतीने त्याचं हृदय दुसऱ्याला देता येतं. मात्र काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं.

म्हणून माझी विनंती आहे. हा विषय घरात आजच काढा. आपली इच्छा बायको-मुलांना सांगून ठेवा, म्हणजे ऐन दुःखात त्यांचा गोंधळ उडणार नाही. अवयव दिला तर पुढच्या जन्मी त्याच्याशिवाय जन्माला याल, असं भेवडावणारे भेटतील. त्यांना बळी पडू नका.

मोठ्या काळजाचा माणूस कोण, हे छाती फाडून कळत नाही बंधूंनो, ते त्याच्या वागण्यातूनच कळतं. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!