दैवाचा वाटा कोणी उचलायचा?



भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बियाणे निवडणे, वेळेवर पेरणे, निंदण-फवारणी करणे त्याच्या हाती आहे. पेरणीनंतर पावसाने दडी मारणे त्याच्या हाती नाही.

पाश्चात्त्य विचारवंतांनीही हा प्रश्न हाताळला. जन्माने लाभलेली परिस्थिती आणि बुद्धी ही कोणाची कमाई नव्हे, असे जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडले. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८१ मध्ये दैवाचे दोन प्रकार केले : समजून-उमजून पत्करलेल्या जोखमीचे फळ आणि अंगावर कोसळलेली आपत्ती. पहिल्याचा भार व्यक्तीवर, दुसऱ्याचा समाजावर. विभागणी सुबक आहे. कपाशीच्या शेतात मात्र ती टिकत नाही. ओलिताची सोय नसताना कर्ज काढून पेरणी करणे ही निवड म्हणायची की नाइलाज?

शासनाच्या नियमांना हा पेच सुटला नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देताना नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचे पुरावे मागितले गेले. त्यातून ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द गावोगावी पोहोचले. कपाळाचे कुंकू पुसलेल्या भगिनीला पतीची निर्दोषता कागदोपत्री सिद्ध करावी लागली. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्यावरील शेतकऱ्यांना उरलेली रक्कम भरल्यासच सवलत होती. दोन हेक्टर बागायत आणि तीन हेक्टर कोरडवाहू यांतील अंतर त्या मोजपट्टीला दिसले नाही. सावकाराचे कर्ज तर तिच्या बाहेरच राहिले.

निर्दोषतेची अशी परीक्षा घेणारे साहाय्य दुःखितांचा अवमान करते, हा आक्षेप एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ मध्ये घेतला. त्याआधी, १९६५ साली, पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले होते. व्यक्ती आणि समाज यांत मूलतः विरोध नाही, हे त्याचे सूत्र. पायात काटा रुतला की चूक कोणाची हे ठरेपर्यंत हात थांबत नाही.

याचा अर्थ व्यक्तीची जबाबदारी संपली असा नव्हे. व्यसन, हुंडा, ऐपतीबाहेरचे लग्न यांविषयी गावात स्पष्ट बोललेच पाहिजे. परंतु ते बोलणे पेरणीपूर्वीचे असावे. घर कोसळल्यावर मदतीची अट म्हणून नव्हे. त्या वेळी मुलांचे शिक्षण, पुढच्या हंगामाचे बियाणे, सातबाऱ्यावरील वारसनोंद ही कामे आधी उभी राहतात. कार्यकर्त्याने अपात्र ठरलेल्या घराचा उंबरठा प्रथम ओलांडावा. शासनाची यादी जेथे संपते, तेथून समाजाचे दायित्व सुरू होते.