रक्ताची साक्ष

मी वैद्य नाहीं, डॉक्टरही नाहीं. भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांतील शाळांत आयुष्य घालविलेला एक सेवानिवृत्त मास्तर आहें. तेव्हां रक्ततपासणीवर मीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु परीक्षा कशी घ्यावी आणि तिचा निकाल कशामुळें खोटा ठरतो, हें मीं जन्मभर पाहिलें आहे. आणि रक्ततपासणी हीही एक परीक्षाच आहे.

प्रथम माझीच फजिती सांगतों. दोन वर्षांपूर्वीं साखर तपासण्यासाठीं मला सकाळीं उपाशीपोटीं बोलाविलें होतें. थंडीचे दिवस होते. एस. टी.ची वाट पाहतांना मीं पेलाभर गोड चहा घेतला आणि रक्त काढणाऱ्या मुलीनें विचारलें तेव्हां तो लपविला. साखर वाढलेली निघाली. घरच्या मंडळींनीं आठ दिवस माझा भात बंद केला. आणि मावळांत भात बंद म्हणजे जेवणच बंद! पुढें खरोखर उपाशी राहून पुन्हां तपासणी केली, तेव्हां आंकडा ठीक आला. यंत्र खोटें बोललें नव्हतें. खोटें मी बोललों होतों. उपाशीपोटीं म्हणजे निदान ८ तास पाण्याखेरीज कांहींही न घेतां, हें मला तेव्हां कळलें.

सांगायचें तें हें कीं, तपासणीचा खरेखोटेपणा पुष्कळदां यंत्रापाशीं नव्हे, तर आपल्या दंडापाशींच ठरतो. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटापेक्षां अधिक वेळ आवळून ठेवला, तर शिरेंतील रक्त दाटतें आणि आंकडे बदलतात. रक्त जोरानें ओढलें किंवा नळी खळाखळा हलविली, तर तांबड्या पेशी फुटतात. त्यांतील पोटॅशियम बाहेर येतें आणि धडधाकट माणसाचा कागद पाहून डॉक्टर घाबरतात. म्हणून नळी हलक्या हातानें उलटीसुलटी करावयाची असते.

नळ्यांच्या बुचांचे रंग शोभेसाठीं नसतात. जांभळ्या बुचाच्या नळींत रक्त गोठूं न देणारें द्रव्य असतें. हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी त्या रक्तावर होते. करड्या बुचाच्या नळींत साखर टिकविणारें फ्लोराइड असतें. तें कशाला? तर शरीराबाहेर आलेल्या रक्तांतील पेशीही कांहीं काळ जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळींत तसेंच ठेवलेल्या रक्तांतील साखर तासाला शेंकडा ५ ते ७ इतकी घटते. तोरण्याच्या पायथ्याचा नमुना पुण्यास पोंचेपर्यंत दोन-तीन तास गेले, तर चढलेली साखर उतरलेली दिसेल आणि रोगी निर्धास्तपणें घरीं जाईल. दूरच्या गांवाला ही काळजी शहरापेक्षां अधिक हवी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडे एकेका गांवांत बहुतेक घरांचें आडनांव एकच असतें. माझ्या एका वर्गांत नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव तंतोतंत सारखें असलेले दोन विद्यार्थी होते. आसनक्रमांक नसता, तर एकाचे गुण दुसऱ्यास गेले असते. उत्तरपत्रिकेची चूक पुढें सुधारतां येते; रक्ताच्या नळीची चूक सुधारण्यास वेळ मिळेलच असें नाहीं. वरंध घाटांत अपघात झालेला गडी असो कीं अडलेली बाळंतीण असो, रक्त चढविण्यापूर्वीं तें जुळवून पाहतात. पण नमुनाच दुसऱ्याचा असला, तर जुळणीही दुसऱ्याशींच होते, आणि न जुळणारें रक्त प्राण घेऊं शकतें.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं प्रसिद्ध केला. पण या शास्त्रांतील एक पान आपल्या परळचेंही आहे. तेथील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कांहीं रक्तें विलक्षण आढळलीं. नेहमींच्या तपासणींत तीं 'ओ' गटाचीं भासत, परंतु त्यांतील द्रव 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. १९५२ सालीं 'लॅन्सेट'मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला आणि तो गट जगभर 'बॉम्बे' या नांवानें ओळखला जाऊं लागला. अशा माणसाला त्याच गटाचें रक्त चालतें. आतां विचार करा : नमुना कोणाचा याविषयींच शंका असती, तर हें वेगळेपण नांवांचा गोंधळ समजून टाकून दिलें गेलें असतें. नमुन्यावर भरंवसा होता, म्हणूनच विचित्र उत्तरावर विश्वास ठेवतां आला.

तेव्हां श्रोतेहो, पुढच्या वेळीं हात पुढें करतांना चार गोष्टी पाळा. खाल्लेलें-प्यालेलें आणि घेतलेलें औषध लपवूं नका. सुई नवी उघडली जाते ना, हें पाहा. आपलें पूर्ण नांव आणि जन्मतारीख स्वतः सांगा, आणि नळीवरील चिठ्ठी आपल्यासमोरच लागूं द्या. नंतर कोपर न दुमडतां कापूस दाबून धरा.

रक्त घेणाऱ्या मुलामुलींनाही एक विनंती. चिठ्ठी लावल्यावांचून रोग्याजवळून उठूं नका. तुमच्या हातांत चमचाभर रक्त असतें, पण त्या चमच्याच्या साक्षीवर एखाद्या घराचा संसार उभा असतो.